‘गोश’ : एका विशेषणाचा डावा इतिहास

आजचं व्याख्यान एकाच शब्दावर आहे. शब्द इंग्रजीत वापरला जातो, पण आहे मूळचा फ्रेंच. उच्चार ‘गोश’. रोमन लिपीत त्यात सहा अक्षरं येतात आणि त्यांचा उच्चाराशी फारसा संबंध दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे कोणी ‘गौचे’ वाचतं, कोणी ‘गॉच’. जाणकारांच्या बैठकीत हा शब्द असा चुकीचा उच्चारला तर कोणी काही बोलत नाही. लोक एकमेकांकडे बघतात, किंचित हसतात आणि विषय बदलतात. नेमक्या अशाच प्रसंगासाठी हा शब्द आहे.

शब्दकोशात अर्थ मिळतो : अडाणी, गावंढळ, बावळट, शिष्टाचार न कळणारा. चूक काही नाही. पण एवढ्यावर भागत नाही, कारण इंग्रजीत याच आळीत आणखी दोन शब्द राहतात, ‘क्लम्झी’ आणि ‘ऑकवर्ड’. तिघांची कामं वेगळी आहेत. आधी ती लावून घेऊ, मग इतिहासाकडे वळू.

‘क्लम्झी’ हा सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागलेला शब्द. त्याच्या मागे मध्ययुगीन इंग्रजीतलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ थंडीने बधिर होणं, आखडणं. बोटं गारठली की हातातलं भांडं निसटतं, यात माणसाचा काय दोष? आजही हा शब्द बराचसा हातापायांपुरता आहे. कपबशी फोडणारा, उंबऱ्याला ठेच खाणारा तो क्लम्झी. आपला ‘धांदरट’ त्याच्या जवळचा आहे. फरक इतकाच, की धांदरटाला घाई असते, क्लम्झीला असलीच पाहिजे असं नाही.

‘ऑकवर्ड’ त्याहून जुना. ‘उलटा फिरलेला’ अशा अर्थाचा एक उत्तरेकडचा, नॉर्स शब्द आणि त्याला ‘च्या दिशेने’ अशा अर्थाचा प्रत्यय. चौदाव्या शतकात त्याचा अर्थ होता ‘भलत्या दिशेने’. सोळाव्या शतकात तो बेडौल, अवघडलेला या अर्थाला आला. हा शब्द माणसाला तर लागतोच, पण प्रसंगालाही लागतो. भांडण झालेले दोन शेजारी लिफ्टमध्ये एकत्र सापडले, तर ती शांतता ऑकवर्ड असते. दोष कोणाचाच नसतो.

आता ‘गोश’. शांतता गोश नसते. लिफ्टही नसते. गोश असतो माणूस, नाहीतर त्याचं बोलणं, त्याची एखादी कृती. मी एक साधी कसोटी सुचवतो. तुम्ही घरात एकटे आहात, स्वयंपाकघरात तुमच्या हातून दुधाचं पातेलं पालथं झालं. तुम्ही क्लम्झी ठरलात. पण गोश ठरलात का? ठरू शकत नाही, कारण बघायला कोणी नाही. गोश होण्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि तोही नियम ठाऊक असलेला. शिवाय तुम्हाला तो नियम ठाऊक नसावा लागतो. जाणूनबुजून मोडलात तर तुम्ही उद्धट किंवा असभ्य. ते वेगळं खातं आहे. म्हणजे यजमानाला जेवताना ‘हे घर केवढ्याला पडलं हो?’ असं भाबडेपणाने विचारणारा पाहुणा हा खरा गोश. त्याच्या मनात वाईट काही नाही. आणि तरीही या तीन शब्दांत सगळ्यात बोचरा शब्द त्याच्याच वाट्याला येतो. निर्दोष माणसाला सगळ्यात कडक शिक्षा, हे कसं झालं? मला आज जे सांगायचं आहे ते या प्रश्नाभोवती आहे.

फ्रेंचमध्ये ‘गोश’ याचा सरळ अर्थ ‘डावा’. डावा हात, डावा किनारा, रस्त्यावरचं डावीकडचं वळण, सगळं गोश. पण हा अर्थही पहिला नव्हे. मूळ क्रियापद आहे ‘गोशीर’ : वळणं, बाजूला होणं, तिरकं जाणं. तेही फ्रेंचांच्या घरचं नाही. जर्मानिक भाषांमधल्या, डगमगणं, झोकांड्या खाणं अशा अर्थाच्या धातूवरून आलेलं. म्हणजे आधी ‘तिरका, वाकडा’ आणि मग ‘डावा’. जुन्या फ्रेंचमध्ये डाव्यासाठी ‘सेनेस्त्र’ हा लॅटिनवरून आलेला शब्द होता. पंधराव्या शतकाच्या सुमाराला ‘गोश’ने त्याला हटवलं. हटवण्याचं एक कारण सहज कळतं. ‘सेनेस्त्र’ला अपशकुनाचा वास लागला होता. त्याचाच भाऊबंद असलेला इंग्रजी ‘सिनिस्टर’ आज फक्त अशुभ, कपटी या अर्थाने उरला आहे, त्यातला डावा हात कोणाला आठवतही नाही.

आपल्याकडे ‘डावलणे’ हे क्रियापद कान देऊन ऐका. त्यात डावा स्वच्छ ऐकू येतो. एखाद्याला डावलणं म्हणजे त्याला बाजूला टाकून पुढे जाणं. फ्रेंचमध्ये बाजूला होण्यावरून डावा झाला, आपल्याकडे डाव्यावरून बाजूला टाकणं झालं. प्रवास उलटा, पण रस्ता तोच.

भाषाशास्त्रातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. उजव्याचा शब्द टिकतो, डाव्याचा बदलत राहतो. संस्कृत ‘दक्षिण’, लॅटिन ‘डेक्स्टर’, ग्रीक ‘डेक्सिओस’, लिथुआनियन ‘देशिने’ : हे सगळे एकाच घरचे, हजारो वर्षं जागेवर. डाव्यासाठी मात्र जी ती भाषा नवा शब्द शोधते. ग्रीकांनी तर दोन गोंडस नावं ठेवली होती : एकाचा अर्थ ‘चांगल्या नावाचा’, दुसऱ्याचा मथितार्थ ‘अधिक बरा’. साप म्हणायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. स्पॅनिशांनी आपला शब्द सोडून शेजारच्या बास्क भाषेतला उचलला. इटालियनमध्ये डावखुऱ्याला जो शब्द आहे त्याचं मूळ ‘लुळा’ असं आहे. खुद्द इंग्रजी ‘लेफ्ट’चा जुना अर्थ दुबळा, निकामी, जुन्या इंग्रजीत लकव्याच्या आजाराचं जे नाव होतं त्यात हाच शब्द बसलेला आहे. जर्मनमध्ये डाव्यावरून केलेलं विशेषण आजही बावळट, अवघडलेला याच अर्थाने वापरतात. आणि ग्रीक ‘स्काइओस’ : डावा, पश्चिमेकडचा, आणि बावळट. म्हणजे फ्रेंचांनी नवीन काही केलं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये हेच चाललं होतं.

दुसऱ्या बाजूला ‘अड्रॉइट’, ‘डेक्स्टरस’ हे कौशल्याचे इंग्रजी शब्द, दोन्ही उजव्या हातावरून. दोन्ही हात सारखे चालणाऱ्याला ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणतात. फोड करा, ‘ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत तो’! डाव्याचं कौतुक करायचं तर आधी त्याला उजवा करून घ्यायचा. आपण तरी काय करतो? ‘हा त्याच्यापेक्षा उजवा ठरला’ असंच म्हणतो, आणि वाईट मार्गाने मिळवलेल्या पैशाला ‘वाममार्गाचा’ म्हणतो. पण संस्कृतात एक गंमत राहून गेली आहे. ‘वाम’ म्हणजे डावा, वाकडा, आणि ‘वाम’ म्हणजे सुंदरसुद्धा. ‘वामलोचना’ म्हणजे सुंदर डोळ्यांची. डाव्या डोळ्याची नव्हे. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर, ते ‘सव्य’. उजव्या खांद्यावर घेतलं की ‘अपसव्य’, ते पितरांच्या कामाला. आणि अर्जुनाचं एक नाव सव्यसाची, डाव्या हातानेही धनुष्य चालवणारा. तेव्हा डावा म्हणजे सगळीकडे आणि सदैव हीन, असा सरसकट नियम काढू नये. रोमनांच्या शकुनशास्त्रातही आधी डावी बाजू शुभ होती. त्यांचे शकुन पाहणारे दक्षिणेकडे तोंड करत, म्हणजे पूर्व डाव्या हाताला येई. ग्रीक उत्तरेकडे तोंड करत, त्यांची पूर्व उजवीकडे. ग्रीकांचा प्रभाव वाढला आणि रोमनांची डावी बाजू बिचारी अशुभ झाली. तोंड कुठे करून उभं राहायचं, एवढ्यावरून!

इथे माझ्या विषयातली माणसं आणतो, थोडा वेळ सहन करा. पायथागोरसच्या अनुयायांनी दहा विरोधांची यादी केली होती, ती ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवली आहे. मर्यादित-अमर्याद, विषम-सम, पुरुष-स्त्री, सरळ-वाकडा, प्रकाश-अंधार, चांगलं-वाईट. त्यात एक जोडी उजवा-डावा. डावा पडला अंधार, वाकडेपणा, स्त्री आणि वाईट यांच्या रांगेत. एकदा रांग लागली की पुढचं आपोआप होतं, एकाचा रंग दुसऱ्याला लागतो.

प्लेटोने मात्र ‘लॉज’ या आपल्या शेवटच्या ग्रंथात फार शहाणपणाची गोष्ट सांगितली आहे. पाय बघा, तो म्हणतो, कामात उजव्या-डाव्या पायात काही फरक आढळत नाही. हातातच का आढळतो? दाया आणि आया यांच्या मूर्खपणामुळे. निसर्गाने दोन्ही हात जवळजवळ सारखे दिले, सवयीने आपण एका हाताने पांगळे झालो. दाखला म्हणून तो सिथियन लोकांचा देतो, ते दोन्ही हातांनी धनुष्य ओढतात आणि बाण सोडतात. (सव्यसाची आठवला ना?) ॲरिस्टॉटलने यावर शिष्याला शोभेल असा मतभेद नोंदवला : उजवा हात निसर्गतः बलवान आहे, पण सरावाने कोणीही दोन्ही हातांचा होऊ शकतो. मजा म्हणजे हे वाक्य येतं न्यायाच्या चर्चेत. नैसर्गिक न्याय आणि माणसांनी ठरवलेला न्याय यांतला फरक सांगताना त्याला हाताचं उदाहरण सुचलं.

मग १७६८ सालचा कांटचा छोटा निबंध. त्याचा प्रश्न असा : उजवा आणि डावा हात यांची मापं, कोन, बोटांची अंतरं, सगळं वर्णन तंतोतंत सारखं, मग एकाचा हातमोजा दुसऱ्याला का बसत नाही? मी हे शिकवायचो तेव्हा आपल्याकडे हातमोजे कोण घालतो म्हणून वर्गात सरळ चपला घेऊन दाखवत असे. मुलं खूश व्हायची. कांटला यावरून अवकाशाविषयी काही सिद्ध करायचं होतं, ते आज सोडून देऊ. आपल्या कामाचा भाग एवढाच, की फरक खरा आहे, पण त्यात चढ-उतार नाही. भूमितीत डावा हात उजव्याहून कमी कुठेच ठरत नाही. कमीपणा दुसरीकडून येतो.

तो कुठून येतो हे रॉबेर एर्त्झ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९०९ साली एका निबंधात मांडलं. शरीरात थोडा कल असेल, पण तो समाज उचलून धरतो, वाढवतो आणि त्याचा धर्म करतो. पवित्र ते उजवीकडे, अपवित्र ते डावीकडे. डच अमलाखालच्या पूर्वेकडच्या बेटांवर लहान मुलांचा डावा हात बांधून ठेवत, ही नोंद त्याने दिली आहे. एर्त्झ पहिल्या महायुद्धात १९१५ च्या एप्रिलमध्ये मारला गेला, वय ३३. माझ्या पिढीला हात बांधल्याचं वाचून आश्चर्य वाटायचं कारण नाही. आमच्या वर्गात एक मुलगा डावखुरा होता. मास्तर त्याच्या डाव्या हातावरच छडी मारत, म्हणजे पेन्सिल आपोआप उजव्या हातात जाईल. ती गेली. त्याचं अक्षर मात्र शेवटपर्यंत वाईटच राहिलं आणि त्याबद्दलही तो बोलणी खात राहिला. उजव्या हाताने तो बावळट होता, कारण डाव्या हाताने हुशार असायला त्याला मनाई होती. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. कात्री, बाकाला जोडलेली लिहायची फळी, सगळं नऊ जणांच्या मापाने. मग दहावा धडपडतो, आणि आपण म्हणतो, बघा, डावा कसा धडपडतो.

आता हा फ्रेंच शब्द इंग्रजीत कसा आला ते पाहू, कारण एर्त्झचं म्हणणं तिथे अगदी घरगुती पातळीवर दिसतं. इंग्रजीतली ‘गोश’ची सर्वात जुनी नोंद १७५१ ची आहे आणि ती चेस्टरफील्डची. फिलिप डॉर्मर स्टॅनहोप, चेस्टरफील्डचा चौथा अर्ल, जन्म १६९४. हेगमध्ये राजदूत, आयर्लंडचा लॉर्ड लेफ्टनंट, मग ब्रिटनचा मंत्री. हेगमध्ये असताना एलिझाबेथ द्यु बूशे या गव्हर्नेसपासून त्याला मुलगा झाला, १७३२ साली. लग्न नव्हतं. मुलाचं नावही फिलिप. बापाने ठरवलं, की या मुलाला जन्माने जे मिळणार नाही ते शिक्षणाने आणि रीतीभातीने मिळवून द्यायचं. आणि त्याने पत्रं लिहायला घेतली. शेकड्यांनी पत्रं, वर्षानुवर्षं.

मुलगा नऊ वर्षांचा असताना, १७४१ च्या जुलैत, त्याने ‘ऑकवर्ड’ माणसाचं एक चित्र लिहून पाठवलं आहे. ते माझ्या शब्दांत सांगतो. हा माणूस खोलीत शिरतो तेव्हा त्याची तलवार त्याच्याच पायांत अडकते आणि तो पडतो, निदान अडखळतो. सावरून नेमका नको त्या जागी जाऊन उभा राहतो. टोपी पडते. टोपी उचलताना काठी पडते. काठी उचलताना पुन्हा टोपी. चहा प्यायला तर तोंड भाजतं, कप नाहीतर बशी सुटते, आणि चहा विजारीवर. हे वाचून नऊ वर्षांचं पोर हसलं असेल. बाप इथपर्यंत गमतीत आहे, आणि दोष हातापायांतच आहे.

दहा वर्षांनी सूर बदलला. फिलिप १९ वर्षांचा होत आला होता आणि पॅरिसमध्ये होता, उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यांत उठबस करायला पाठवलेला. आता टोपी पडण्याचा प्रश्न उरला नव्हता. आता प्रश्न होता पॅरिसच्या बायका आणि सरदार याच्याकडे बघून काय म्हणतील हा. इंग्रजीत ‘ऑकवर्ड’ होता, ‘क्लम्झी’ होता. तरी बापाला फ्रेंच शब्द हवासा वाटला. माझ्या मते याचं कारण हेच, की न्यायनिवाडा फ्रेंच दिवाणखान्यात होणार होता, म्हणून निकालाची भाषाही तिथली. शब्द नुसता अर्थ घेऊन आला नाही, बघणाऱ्यांचे डोळेही घेऊन आला.

त्याच १७५१ च्या फेब्रुवारीतलं आणखी एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात एका विद्वान, सद्गुणी, पण खाण्यापिण्याची आणि वागण्याची काहीच रीत नसलेल्या माणसाचं वर्णन आहे, आणि शेवटी चेस्टरफील्ड त्याला ‘हॉटेन्टॉट’ म्हणतो. हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या खोईखोई लोकांसाठी डचांनी वापरलेला, आणि पुढे शिवीसारखा रूढ झालेला शब्द. हा माणूस म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन, असं पुष्कळांनी धरलं. खुद्द जॉन्सनचं म्हणणं होतं, की छे, चेस्टरफील्डने मला जेवताना कधी पाहिलेलंच नाही. कोण होता हा मुद्दा वेगळा. पण बघा, दिवाणखान्यात बेढब वागणाऱ्या इंग्रज पंडिताला नाव ठेवायचं तर एक शब्द डाव्या हातावरून घेतला जातो, दुसरा आफ्रिकेतल्या माणसांवरून. दोन्ही दिवाणखान्याबाहेरचे.

आणि त्याच वर्षीच्या मार्चमधलं तिसरं पत्र. हे मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात चेस्टरफील्ड स्वतःविषयी विलक्षण खरं बोलतो. ब्रिटनने जुनी जुलियन कालगणना सोडून ग्रेगोरियन घ्यावी हे विधेयक त्याने लॉर्ड्सच्या सभागृहात मांडलं होतं. (त्यामुळेच १७५२ साली २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी तिथे १४ सप्टेंबर उजाडला.) तो मुलाला सांगतो, की मला खगोलशास्त्र ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते सभासदांना सांगितलं असतं तर त्यांनाही कळलं नसतं. म्हणून मी कालगणनेचा गमतीदार इतिहास सांगितला, वाक्यांना लय दिली, हातवारे सांभाळले. लोकांना वाटलं यांनी विषय स्पष्ट केला! त्याच्यानंतर लॉर्ड मॅकल्सफील्ड बोलला. तो खरा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ, पुढे रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. सगळं ज्ञान त्याचं होतं. पण त्याची वाक्यं तितकी सुबक नव्हती, आणि लोकांनी एकमताने पसंती दिली ती चेस्टरफील्डला. ‘अन्यायाने दिली’ हे तोच लिहितो. आणि मग मुलाला काय सांगतो? की म्हणून तू डौल शिक. अन्याय कळला आहे, तो उघडपणे मान्य आहे, आणि उपाय काय, तर त्या अन्यायाचा लाभ घेणाऱ्यांत सामील हो.

मी चेस्टरफील्डला खलनायक म्हणणार नाही. अनौरस मुलाच्या बापाला, इंग्लंडच्या त्या समाजात, दुसरा कुठला रस्ता दिसला असता मला ठाऊक नाही. पण मुलाचं काय झालं ते पाहा. १७५४ मध्ये बापाच्या खटपटीने तो पार्लमेंटात गेला. पहिलं भाषण जमलं नाही. पुढे ड्रेस्डेनला राजदूत म्हणून गेला. १७६८ साली, वर सांगितलेल्या कांटच्या निबंधाच्याच वर्षी, अव्हिन्यों इथे वारला, वय ३६. आणि मग बापाला कळलं, की त्याने गुपचूप लग्न केलेलं होतं. युजेनिया नावाची बायको होती, दोन मुलगे होते. ज्या माणसाने कसं शिरावं, कसं बसावं, कसं हसावं (खरं तर मोठ्याने हसूच नये) हे सगळं लिहून कळवलं, त्याला मुलाने ही एक गोष्ट सांगितली नव्हती. चेस्टरफील्डने नातवांची सोय केली. सुनेला काही ठेवलं नाही. १७७३ मध्ये तो गेला, आणि पुढच्याच वर्षी त्या सुनेने सगळी पत्रं प्रकाशकाला १५०० गिनींना विकली. रीतीभातीचं पुढच्या पिढ्यांनी डोक्यावर घेतलेलं हे पुस्तक छापलं गेलं ते खासगी पत्रं बाजारात आणण्याच्या, चेस्टरफील्डच्या मोजमापाने अत्यंत गोश अशा कृतीमुळे. मला विचाराल तर बाईंनी ठीक केलं. दोन पोरं होती पदरात.

फिलिप खरंच तसा होता का? पुस्तक निघाल्यावर लोक त्याला बावळटांचा राजा समजू लागले. पण जॉन्सनचा चरित्रकार बॉस्वेल त्याला ड्रेस्डेनला भेटलेला होता. त्याने नोंदवून ठेवलं आहे, की डौल म्हणाल तर त्याच्याकडे नव्हता, पण माणूस समंजस, सौजन्याचा आणि चांगल्या वागणुकीचा होता. चारचौघांत असा माणूस आपण आदराने वागवू. त्याची अडचण एवढीच, की त्याला मोजायची पट्टी दुसऱ्या खोलीतली होती.

पॅरिसमध्ये या शब्दाचं पुढे निराळंच काही झालं. १७८९ साली राष्ट्रीय सभेत, राजाला नकाराधिकार असावा की नसावा या वादाच्या सुमारास, राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षाच्या उजवीकडे बसू लागले आणि विरोधातले डावीकडे. ती डावी बाजू म्हणजे ‘गोश’. बघता बघता तो अभिमानाने मिरवायचा शब्द झाला. इंग्रजीने हा राजकीय अर्थ घेतला, कार्लाइलच्या १८३७ च्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथापासून तो दिसतो, पण भाषांतर करून घेतला, ‘लेफ्ट’ म्हणून. म्हणजे एकाच फ्रेंच शब्दातली शिवी इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली आणि राजकारण तेवढं भाषांतरित केलं. रसायनशास्त्रात तर हा शब्द पूर्ण निष्पाप होऊन बसला आहे. ब्यूटेनच्या रेणूची दोन टोकं एकमेकांशी साधारण ६० अंशांचा कोन करून तिरकी बसली, की त्या रचनेला ‘गोश’ म्हणतात. तिथे फक्त तिरकेपणा आहे, पहिला जुना अर्थ. रेणूला लाज नाही.

वापराबद्दल दोन शब्द, कारण तुमच्यातले काही जण इंग्रजीत लिहितात. कपबशी फोडणाऱ्याला गोश म्हणू नका, ते क्लम्झी. अवघड प्रसंगाला म्हणू नका, ते ऑकवर्ड. पगार विचारणं, भेटीची किंमत सांगणं, मृताच्या घरी वाटणीचा विषय काढणं, याला गोश म्हणता येईल. पण म्हणण्याआधी एक पाहावं, की हा शब्द बोलणाऱ्याबद्दलही काहीतरी सांगतो. ‘तो गोश आहे’ याचा अर्थ ‘मी नाही’ असा होतो, आणि ‘मला नियम माहीत आहे’ असाही. म्हणून इंग्रजी वाचकाला हा शब्द वापरणारा कधी कधी जरा शिष्ट वाटतो.

मराठीत काय म्हणावं? वेंधळा चालणार नाही, तो विसराळूपणाकडे झुकतो. गबाळा हा कपड्यांचा आणि टापटिपीचा शब्द. बावळटात बुद्धी कमी असल्याची सूचना आहे, ती गोशमध्ये नाही. सगळ्यात जवळ येतो ‘गावंढळ’. आणि तो जवळ येतो म्हणूनच त्याच्याकडे नीट बघायला हवं. त्यात ‘गाव’ आहे. फ्रेंचांनी दोष डाव्या हातावर टाकला, आपण खेड्यावर टाकला. संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा चक्क एक दोष मानला आहे आणि सुसंस्कृताला म्हणायचं ‘नागर’. इंग्रजीतही ‘अर्बेन’ म्हणजे सभ्य, आणि ‘बूर’ हा असंस्कृत माणसासाठीचा शब्द मुळात शेतकऱ्याचा. म्हणजे ‘गोश’चं भाषांतर ‘गावंढळ’ केलं तर अर्थ बराचसा पोचतो, पण अपमान दुसऱ्याच माणसाचा होतो. फ्रेंच वाक्यात डावखुऱ्याचा झालेला असतो, मराठीत शेतकऱ्याचा. मी स्वतः भाषांतर करताना शक्यतो विशेषण टाळतो आणि सरळ लिहितो, ‘त्याला तिथली रीत माहीत नव्हती.’ चार शब्द जास्त लागतात. लागू देत.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर घेऊ, आणि डावखुऱ्यांनी आधी हात वर करावा, कुठलाही.